न मागितलेलं काचघर

माझी मावशी कवळ्या बनवते. दवाखान्यातून कुणाच्या तरी तोंडाचा छाप येतो, त्यात ती प्लास्टर ओतते, साचा तयार झाला की त्यावर मेणाची हिरडी चढवते आणि त्या मेणात एकेक दात बसवत जाते. माणूस तिला कधीच दिसत नाही. पण तो कुठल्या बाजूने चावतो आणि झोपेत दात खातो की नाही, हे ती साचा हातात धरून सांगते. दातांच्या रंगांची एक पट्टी असते. पांढऱ्यातल्या पांढऱ्या किती छटा असतात हे त्या पट्टीवरून कळतं, आणि मावशीला त्या पट्टीशिवायही कळतं. आमच्या घराण्यात कुणाला काही सुचेनासं झालं की मावशीला फोन जायचा. ती ऐकून घ्यायची, मग म्हणायची, असं कर, आणि तसं केलं की प्रश्न सुटायचा. त्यामुळे ती स्वतः कधी गोंधळू शकेल असं आम्हाला कुणाला वाटलंच नव्हतं.

काका, म्हणजे तिचे यजमान, काचा बसवतात. दुकानांची दर्शनी दारं, खिडक्यांची तावदानं, न्हाणीघरातले आरसे. बोलायला बेताचे. काच कापताना बोललं तर रेघ वाकडी जाते, आणि त्यांची ती सवय घरीही सुटली नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दोघांचं बोलणं बहुतेक गॅस संपला, दूध आणलं, दार लाव एवढ्यावरच भागत आलेलं. भांडण असं नाही. तशी गरजच पडत नसावी.

तर झालं असं की माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मावशी तिच्याजवळ राहायला आमच्याकडे आली. आई चालायला लागली तशी ती घरी परतली. सामान आत ठेवून मागच्या दाराने बाहेर गेली ती तिथेच उभी राहिली. जिथे तिच्या कपडे वाळत घालायच्या तारा होत्या, तिथे काचेचं एक अख्खं घर उभं होतं. उतरतं छप्पर, लोखंडी चौकट, कडी असलेलं दार. काही तावदानं हिरवट, काही अगदी नितळ, एकदोन दुधी. ठिकठिकाणच्या कामांतून उरलेल्या आणि उतरवलेल्या काचा होत्या त्या, पण सांधे असे जुळवलेले की बोटाला कडा लागू नये. काका शेजारीच हातात पाना घेऊन उभे होते.

मावशीने विचारलं, हे काय. काका म्हणाले, "तुझं काचघर. त्या छोट्या टोमॅटोंसाठी. तुझ्या मनात होतं ना."

मावशी म्हणाली, "छान झालंय."

काका मान हलवून हात धुवायला निघून गेले.

मावशीचा गोंधळ सुरू झाला तो इथे. कारण चेरी टोमॅटो लावायचं तिच्या मनात कधीही नव्हतं. टोमॅटोच काय, तिने आयुष्यात साधी एक कुंडीसुद्धा सांभाळली नव्हती. दिवसभर प्लास्टर आणि मेणात हात घालून आल्यावर पुन्हा मातीत हात घालायची हौस कुणाला असते?

तिने आईला फोन केला आणि विचारलं, ताई, मला टोमॅटोचं काही वेड होतं का गं. आई म्हणाली, वेड कसलं, लहानपणी तू ते ताटाच्या कडेला सारायचीस आणि नंतर मला खावे लागायचे. मग लेकीला फोन केला, ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात असते. लेक म्हणाली, "आई, बाबा मला सांगत होते की तुझं हे जुनं स्वप्न आहे. तू मला कधी बोलली नाहीस." तिच्या आवाजात थोडा रुसवा होता. मावशीने तिची समजूत घातली खरी, पण आपण कशाबद्दल समजूत घालतोय हे तिलाच ठाऊक नव्हतं.

मग तिला वाटलं, आपली स्मरणशक्ती तर नाही ना चालली. दुसऱ्या दिवशी कामावर तिने स्वतःचीच परीक्षा घेतली. कपाटातल्या डब्यांकडे पाठ करून कुठल्या डब्यात कुणाचा साचा आहे ते मनात म्हटलं आणि वळून पडताळलं. सगळं बरोबर. म्हणजे आपण ठीक. मग काका विसरायला लागले असतील, म्हणून ती त्यांच्यावर नजर ठेवून राहिली. पण ते कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाला कोणे एके काळी बसवलेल्या काचेचं माप जेवता जेवता सहज सांगून गेले. आता उरली तिसरी शंका. कुणा दुसऱ्याच बाईने हे त्यांच्याजवळ बोलून दाखवलं असेल आणि यांनी ते आपल्या नावावर घातलं असेल. या विचाराचं तिला आधी हसू आलं. मग काही दिवस ते हसू येईना.

आई तिला म्हणाली, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा सरळ विचार ना त्यांना. मावशी म्हणाली, विचारायची वेळ पहिल्याच दिवशी होती. तेव्हा मी छान झालंय म्हणून मोकळी झाले. आता कुठल्या तोंडाने विचारू, की हे कुणासाठी बांधलंत?

तोवर कपड्यांचा प्रश्न होताच. तारा गेल्या होत्या. मावशीने काचघरातच आडवी दोरी बांधून धुणं वाळत घातलं. उन्हाने आत अशी ऊब धरली की चादरीसुद्धा दुपारपर्यंत खडखडीत वाळल्या. तिला वाटलं, चला, कशाला तरी उपयोग झाला. संध्याकाळी काकांनी दारातून ती दोरी पाहिली. दुसऱ्या दिवशी घराच्या बाजूच्या भिंतीला नव्या कोऱ्या तारा लागलेल्या होत्या. तेव्हा मावशीला कळून चुकलं की टोमॅटो लावल्याशिवाय आपली सुटका नाही.

बाजाराच्या टोकाला एक नर्सरी आहे. ती चालवणारी बाई मोठी रोखठोक. मावशीने तिच्याकडे छोट्या टोमॅटोचं बी मागितलं. बाईने तिच्याकडे नीट पाहिलं, आत गेली आणि एक साधी कागदी पुडी आणून हातावर ठेवली. वर चित्र नाही, नाव नाही. मावशीने विचारलंही नाही. तिच्या लेखी टोमॅटो म्हणजे टोमॅटो.

पुडीतलं सगळं बी तिने पेरलं, आणि ते सगळंच्या सगळं उगवलं. आता एवढ्या रोपांचं करायचं काय? उपटून फेकायला हात धजेना. प्लास्टर कालवायचे रबरी वाडगे कामावर जुने होऊन पडले होते. त्यांना तळाशी भोकं पाडून तिने रोपं त्यांत लावली, उरलेली शेजारीपाजारी वाटली, चांगली दणकट तेवढी काचघरात मोठ्या कुंड्यांत ठेवली. रोपं उंच व्हायला लागली तशी काकांनी न सांगता छताच्या गजाला सुतळ्या बांधून खाली सोडल्या. मावशी त्या सुतळीभोवती खोड हलक्या हाताने गुंडाळायची. पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटवे येतात, ते वेळेवर खुडले नाहीत तर झाडाचं झुडूप होतं, हे तिने शेजारणीकडून ऐकलं होतं. मेणातले बारीक कण टिपणाऱ्या तिच्या बोटांना ते काम छान जमायचं. तिचीच बोटं असं काही करताहेत, याचंही तिला नवल वाटे.

मग फुलं आली. पिवळी, चांदणीसारखी, घोसाघोसाने. काका संध्याकाळी चहाचा कप घेऊन काचघराच्या दाराशी येऊन उभे राहायला लागले. आत यायचे नाहीत. विचारायचे, धरलं का फळ? मावशी म्हणायची, धरेल. ते मान हलवायचे आणि चहा संपवून जायचे.

फळ काही धरेना. फुलं उमलायची, चारदोन दिवस टिकायची आणि देठाच्या गाठीपाशी पिवळी पडून गळून जायची. मावशीने खत वाढवलं तर नुसती पानंच माजली. पाणी कमी केलं तर पानं वळली. जास्त घातलं तर सकाळी काचांना इतका घाम सुटायचा की आतली झाडं बाहेरून दिसेनाशी व्हायची. तिच्या मनात आलं, ज्या इच्छेचा आपल्याला पत्ताच नाही तिला फळ तरी कुठून येणार? असे विचार ती एरवी करत नाही. आईजवळ बोलून गेली आणि लगेच म्हणाली, माझं डोकं फिरत चाललंय बहुतेक.

शेवटी गळालेली फुलं रुमालात घेऊन ती नर्सरीवाल्या बाईकडे गेली. बाईने विचारलं, आत वारा खेळतो का. मावशी म्हणाली, आमच्या यांच्या हातचे सांधे आहेत, वारा कुठून येणार. माश्या, भुंगे? दारच लावून घेते, येतील कुठून. बाई म्हणाली, मग तेच. उघड्यावर वारा फूल हलवतो, भुंगा हलवतो. आतल्या आत पराग सुटतात तेव्हा फळ धरतं. तुमच्याकडे दोन्ही नाहीत, तर तुम्हीच हलवा.

मावशी टिचकी मारून फुलं हलवायला लागली, पण टिचकी जोरात बसली की घोसच मोडायचा. कामावर चहाच्या वेळी ती हे सांगत होती. ज्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं काम चालतं, त्या दातांच्या डॉक्टरीणबाई मन लावून ऐकत होत्या. त्यांनी खणातून बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश काढून दिला. कुठल्याशा कंपनीने नमुना म्हणून दिलेला पडून होता. मावशीने घरी येऊन ब्रश सुरू केला आणि घोसाच्या देठाला पाठीमागून नुसता टेकवला. फूल थरथरलं आणि त्यातून बारीक पिवळी धूळ उडाली. काय झालं हे कळेपर्यंत ती तशीच उभी होती. मग दुसऱ्या घोसाकडे गेली.

आता रोज कामावर जाण्याआधी मावशी काचघरात शिरायची आणि एकेका घोसाला ब्रश टेकवत पुढे सरकायची. काच आरपार दिसते हे ती विसरली होती. शेजारचे गृहस्थ गच्चीवरून हे बघत असत. एकदा त्यांनी काकांना गाठून, अगदी आपुलकीने, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. वहिनी झाडांचे दात घासताना दिसतात म्हणाले. काकांनाही यातलं काही ठाऊक नव्हतं. पण ते म्हणाले, ती करते म्हणजे काहीतरी कारण असणार. हे शेजाऱ्यांनीच नंतर मावशीला सांगितलं. ते ऐकून ती आणखीच चक्रावली. एवढा विश्वास माणसाने कशाच्या जोरावर ठेवावा?

पुढे मात्र फळं धरली. हिरव्या मण्यांचे सर लोंबावेत तशी. मणी गोट्यांएवढे झाले. काकांच्या चहाच्या फेऱ्या वाढल्या. मग फळांचा हिरवा रंग फिका पडायला लागला आणि मावशी लाल होण्याची वाट बघत बसली. फळं लाल होईनात. फिकी झाली, पिवळसर झाली, चांगली पिवळी झाली आणि तिथेच अडली. मावशी कामावरची रंगांची पट्टी घरी घेऊन आली. आज फळ कुठल्या छटेवर आहे आणि उद्या कुठल्या, हे ती दाताला पट्टी लावून बघावं तसं बघायला लागली. पण त्या पट्टीतल्या पिवळ्याची हद्दही फळांनी कधीच ओलांडली होती. हा रोगच असणार असं धरून तिने आधी एक औषध फवारलं. मग जास्त पाणी घातलं, तशी काही फळं तडकली. काही आपोआप गळून खाली पडली. ती उचलून ती कचऱ्यात टाकत होती, आणि वाईट का वाटतंय हे तिला समजत नव्हतं.

एके संध्याकाळी काका पहिल्यांदाच कप बाहेर ठेवून आत आले. एक पिवळं फळ तोडलं, सदऱ्याला पुसलं आणि तोंडात टाकलं.

"अहो, कच्चं आहे ते," मावशी म्हणाली.

"गोड आहे."

"लाल कुठे झालंय अजून?"

"पिवळेच असतात हे," काका म्हणाले. "तू पिवळेच म्हणाली होतीस. मी नर्सरीत सांगून ठेवलं होतं, माझी बायको बी घ्यायला येईल, तिला पिवळ्यातलं द्या म्हणून."

मावशीला आता गप्प राहवेना. "मी कधी म्हणाले?"

काकांनी सांगितलं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना घातला तेव्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. त्यांच्या सासूबाई एका टेबलाशी बसून येईल त्या बाईला विचारत होत्या, नोकरी नसती तर तू काय केलं असतंस. काका मावशीच्या मागे ताटली घेऊन उभे होते. मावशी म्हणाली होती, मी काचेच्या घरात असे छोटे पिवळे टोमॅटो लावले असते.

"तुला काही हवंय असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं," काका म्हणाले. "त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही. म्हणून चांगली काच हाती आली की बाजूला ठेवत गेलो."

मावशीला ते जेवण आठवलं. सासूबाईही आठवल्या. तिच्या पुढची बाई चित्रं काढली असती म्हणाली होती, तिच्याही पुढची पोहायला शिकले असते म्हणाली होती. मावशीची पाळी आली तेव्हा तिला काही म्हणता काही सुचलं नव्हतं. मागे माणसं खोळंबलेली. ताटलीत काकडीच्या चकत्यांवर दोनचार पिवळे टोमॅटो होते, आणि खिडकीतून समोरच्या घराचा काचा लावलेला व्हरांडा दिसत होता. दिसलं ते जोडून तिने उत्तर दिलं आणि पुढे सरकली. घरी पोहोचेपर्यंत ती ते विसरूनही गेली होती.

हे आता सांगावं की नाही, याचा तिने विचार केला नाही. करायला हवा होता, असं ती पुढे आईला म्हणाली. पण त्या वेळी तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो, मी ते आपलं असंच म्हटलं होतं. त्या बाईंनी सोडावं म्हणून."

काका पालथ्या घातलेल्या एका क्रेटवर बसले. सावकाश त्यांनी आणखी एक टोमॅटो खाल्ला. मावशीला वाटलं, आता हे उठून जातील आणि पुढे कित्येक दिवस बोलणार नाहीत. मग तिला आठवलं, की तसेही ते बोलत नाहीतच.

काकांनी विचारलं, "मग तुला खरंच काय हवं होतं?"

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. आम्हा सगळ्यांचे प्रश्न सोडवणारी बाई ती, या एका साध्या प्रश्नाशी अडली.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे काहीच नको होतं?"

"तसंही नाही."

काकांनी वर छपराकडे पाहिलं. म्हणाले, काढून टाकायला वेळ लागणार नाही, काचा कुठेही वापरता येतील, तुझ्या तारा पुन्हा इथे लावून देतो. ते रागाने म्हणत नव्हते. एखादं माप चुकलं तर जसं म्हणतील तसं म्हणत होते. आणि मावशीला संताप आला. कशाचा ते कळलं नाही. एकाही काचेला हात लावायचा नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. काकांनी चकित होऊन विचारलं, म्हणजे आवडतं का तुला हे? ती म्हणाली, ते मला आत्ता विचारू नका.

पुढच्या आठवड्यात ती पिशवीभर पिवळे टोमॅटो घेऊन आमच्याकडे आली आणि तिने हे सगळं आम्हाला सांगितलं. आई म्हणाली, एवढं प्रेमाने केलंय नवऱ्याने, तर आनंद मान ना गं, कशाला चिरफाड करतेस. मावशी म्हणाली, "ताई, थाप माझी, कष्ट त्यांचे आणि टोमॅटो गोड. यात मी खूश व्हावं की शरमून जावं, ते तू सांग." आईने पिशवी पुढे ओढली. आम्ही तिघींनी टोमॅटो खाल्ले. खरोखरच गोड होते. आईने तर ताटाच्या कडेचे वगैरे काही न म्हणता सगळ्यांत जास्त संपवले.

तिच्या घरी मात्र एक गोष्ट बदलली. काका अधूनमधून विचारायला लागले, सुचलं का. जेवताना, दाराला कुलूप लावताना, कधी काच कापायच्या हिऱ्याने रेघ मारून झाल्यावर. कधी स्वतःच काहीतरी पुढे करायचे. समुद्रावर जाऊन यायचं का? शिवणयंत्र हवं का? कामावर जाणं बंद करावंसं वाटतं का? मावशी प्रत्येकाचा खरंच विचार करायची, कधी दोनदोन दिवस, आणि येऊन सांगायची, नाही, ते नव्हे. एकदा तिने उलट विचारलं, माझं सोडा, तुम्हाला काय हवं होतं. काकांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. म्हणाले, "मला ते बांधायचं होतं."

हे ऐकून मावशीचा गुंता सुटेल असं आम्हाला वाटलं होतं. तो वाढला. मग ते माझ्यासाठी होतं की तुमच्यासाठी, असं तिने विचारलं. काका म्हणाले, बांधताना काही तसं वेगळं वाटलं नाही.

हंगाम संपला, झाडं वाळली. मावशीने सुतळ्या कापल्या, मुळं उपटली, कुंड्या धुऊन पालथ्या घातल्या. रिकामं काचघर बघून तिला हायसं वाटलं, असं ती म्हणाली. थोड्या दिवसांनी म्हणाली, सकाळी हातात ब्रश घेऊन मी अजून आत शिरते. दोन्ही खरं असावं.

पेरणीचे दिवस आले तशी ती पुन्हा नर्सरीत गेली. या वेळी मीही बरोबर होते. बाईने विचारलं, पिवळे की लाल. मावशी इतका वेळ गप्प उभी राहिली की मागच्या गिऱ्हाइकाने खाकरून दाखवलं. ती म्हणाली, तुम्हीच द्या काहीही. पुडी घेतली, पैसे दिले, फाटकापर्यंत आली आणि तिथे थबकली. मला म्हणाली थांब, आणि परत आत गेली.

"ते काळपट जांभळे असतात म्हणे छोट्यातले," तिने बाईला विचारलं, "ते आहेत का?"

होते. बाईने पुडी बदलून दिली. परतताना मी मावशीला विचारलं, तेच का गं. ती म्हणाली, कुणास ठाऊक, हवेसे वाटले.

आता ती झाडं तिच्या खांद्याच्या वर गेली आहेत. फळं भरपूर धरली आहेत आणि हिरव्यातून काळी व्हायला लागली आहेत. परवा काकांनी दाराशी उभं राहून विचारलं, पिकलं का. मावशीने एक फळ बोटांत धरून उजेडाकडे फिरवून पाहिलं. काळ्या रंगाचं फळ पिकलं हे ओळखायचं कशावरून, ते तिला अजून कळलेलं नव्हतं. तिने तसं सांगितलं. काका आत आले, आणि दोघं वाकून बघत राहिली.